एच-१बी वर असताना कंपनी बदलणे: राजीनामा नेमका कधी द्यावा?

आंबेमोहोर
नमस्कार मंडळी. नवऱ्याला न्यूजर्सीतच दुसऱ्या कंपनीची ऑफर आली आहे. परिस्थिती अशी: एच-१बी, म्हणजे अमेरिकेतल्या नोकरीच्या व्हिसाची, सहा वर्षांची मुदत भरत आली आहे. आत्ताच्या कंपनीने ग्रीनकार्डासाठी भरलेला आय-१४० मंजूर होऊन आठ महिने झालेत. आय-९४ (देशात राहायच्या मुदतीची नोंद) आणि पासपोर्टातला व्हिसा, दोन्ही ३० जून २०२६ ला संपतात. माझा एच-४ (जोडीदाराचा व्हिसा) आणि ईएडी (कामाचा परवाना) पण त्याच दिवशी संपतात. आणि मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात पुण्यात दिराचं लग्न आहे, तिथे जाणं चुकवायचं नाही.

नवी कंपनी म्हणते, अर्ज पोचल्याची पावती आली की लगेच रुजू व्हा. काही जण म्हणतात, मंजुरी हातात आल्याशिवाय राजीनामा देऊ नका. खरं काय? आणि लग्नाला जाता येईल ना? आज मार्चची पहिली तारीख उलटली आहे, त्यामुळे उत्तरं जरा लवकर हवी आहेत.

कोकणकडा
आधी क्रम सांगतो, म्हणजे कुठली पायरी कधी येते ते कळेल.

नवी कंपनी सुरुवातीला कामगार खात्याकडे एलसीए, म्हणजे पगार आणि कामाच्या जागेबद्दलचा अर्ज, भरते. त्याला सात कामकाजी दिवस लागतात आणि पैसे देऊनही ते कमी होत नाहीत. एलसीए मंजूर झाला की तो जोडून यूएससीआयएसकडे, म्हणजे स्थलांतराचे अर्ज तपासणाऱ्या खात्याकडे, आय-१२९ ही कंपनीची याचिका जाते. अर्ज दाखल झाला की आय-७९७सी नावाची पावती येते. २००० साली झालेल्या एसी-२१ कायद्यानुसार एच-१बी वरचा माणूस अर्ज दाखल झाल्यापासून नव्या कंपनीत काम सुरू करू शकतो. त्याच्या अटी तीन. देशात प्रवेश कायदेशीर झालेला हवा. अर्ज आय-९४ संपण्याआधी पोचलेला आणि खरोखरच्या नोकरीसाठी हवा. शेवटच्या प्रवेशानंतर विनापरवाना काम केलेलं नको. लॉटरीचा, म्हणजे एच-१बी च्या वार्षिक मर्यादेतल्या जागांसाठीच्या सोडतीचा, इथे काही संबंध नाही, कारण तुमचे यजमान त्या मर्यादेत एकदा मोजले गेले आहेत.

म्हणजे कायद्याने पावती पुरते. तरीही तुमच्या बाबतीत मी मंजुरीसाठी थांबायला सांगेन. आय-९४ संपायला चारच महिने आहेत, आणि मध्ये परदेश प्रवास आहे.

बे_एरियाकर
कोकणकडा, क्रम बरोबर आहे, पण सरसकट थांबायला सांगणं पटत नाही. ही तरतूद कंपनी बदलणाऱ्यांसाठीच केलेली आहे. त्याच कंपनीत मुदतवाढ मागितली तर आय-९४ संपल्यावर २४० दिवसांची मर्यादा असते. कंपनी बदलताना तीही नसते, निकाल लागेपर्यंत काम चालू ठेवता येतं. साध्या प्रक्रियेत निकालाला कित्येक महिने लागतात आणि तेवढे दिवस कुठलीच कंपनी जागा धरून ठेवत नाही.

सह्याद्रीवारा
अधिकार आहे हे खरंच, बे_एरियाकर. पण नकार आला तर काय होतं, ते दोन्ही बाजूंनी पाहू.

पावतीवर रुजू झाले आणि आय-९४ चालू असताना नकार आला, तर नव्या कंपनीतलं काम त्या दिवशी थांबतं. जुन्या कंपनीने तोवर आपली एच-१बी मागे घेतली नसेल आणि ती परत घ्यायला तयार असेल, तर परतीची वाट असते. आय-९४ संपून गेल्यावर नकार आला तर पायाखाली काहीच उरत नाही. काम बंद, मुक्काम बेकायदा, सामान बांधायला लागायचं. आंबेमोहोर यांच्या प्रश्नात ३० जूनची तारीख म्हणूनच सगळ्यात महत्त्वाची आहे.

दुसरी शक्यता अर्ध्या मंजुरीची. यूएससीआयएस कधी कधी कंपनीची याचिका मान्य करते, पण मुक्कामाची मुदतवाढ नाकारते. कारण बहुधा एकच असतं: अर्ज भरला त्या दिवशी माणूस कायदेशीर स्थितीत होता याचा पुरावा नसतो, म्हणजे पगाराच्या स्लिपा कमी पडतात. अशा वेळी खाली आय-९४ जोडलेली मंजुरीची सूचना, म्हणजे आय-७९७ए, मिळत नाही. आय-७९७बी मिळतो आणि देशाबाहेर जाऊन परत यावं लागतं.

पूर्वी याचा अर्थ विमानाचं तिकीट आणि थोडी दगदग एवढाच होता. १९ सप्टेंबर २०२५ च्या राष्ट्राध्यक्षीय घोषणेनंतर तो बदलला आहे.

वांगीभात
म्हणजे नव्या एच-१बी अर्जासाठी कंपनीने भरायचे ते एक लाख डॉलर? कंपनी बदलणाऱ्यांना पण लागतात का? ऑफिसात सगळे वेगवेगळं सांगतात.

सह्याद्रीवारा
वांगीभात, सरळ उत्तर: अमेरिकेतच राहून, मुक्कामाच्या मुदतवाढीसह कंपनी बदलणाऱ्याला लागत नाहीत. घोषणा २१ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाली आणि २० ऑक्टोबरला यूएससीआयएसने खुलासा केला. देशातल्या माणसासाठी दुरुस्ती, स्थितीबदल किंवा मुदतवाढ मागितली आणि ती मंजूर झाली, तर ही रक्कम द्यावी लागत नाही. अशा मंजुरीनंतर तो माणूस बाहेर जाऊन व्हिसा काढून परत आला तरी लागत नाही.

मात्र मुदतवाढ मिळण्यास तो अपात्र ठरला, तर रक्कम लागू होते असं त्याच खुलाशात म्हटलं आहे. म्हणजे वर लिहिलेली अर्धी मंजुरी आली तर कंपनीपुढे एक लाख डॉलरचा प्रश्न उभा राहतो आणि बहुतेक कंपन्या तिथेच हात वर करतील. शेवटच्या पगाराची तारीख आणि अर्ज पोचल्याची तारीख यांच्यात फट नको असं मी सारखं म्हणतो ते यासाठी. जुन्या नोकरीत असताना, पगार चालू असतानाच अर्ज पोचला पाहिजे.

बे_एरियाकर
हे मान्य. नोकरी चालू असताना अर्ज भरायचा यावर माझाही वाद नाही. माझं म्हणणं अर्ज पोचल्यानंतरच्या काळापुरतं होतं.

मुळाकाठ
दोघांच्या वादाला प्रीमियम, म्हणजे जादा फी भरून लवकर निकाल मागणं, हेच उत्तर आहे. पंधरा कामकाजी दिवसांत यूएससीआयएसला काहीतरी कळवावंच लागतं. 'काहीतरी' म्हणजे मंजुरीच असं नाही. नकार किंवा जादा पुराव्याची मागणी, म्हणजे आरएफई, हेही त्यात आलं. आरएफई आली तर घड्याळ थांबतं आणि उत्तर पोचल्यावर पंधरा दिवस पहिल्यापासून मोजतात. २०२४ च्या एप्रिलपासून हे दिवस कामकाजी धरतात, जुने लेख वाचून शनिवार-रविवार मोजू नका. फी १ मार्च २०२६ पासून २९६५ डॉलर झाली आहे. आधी २८०५ होती. जुन्या रकमेने भरलेला अर्ज परत येतो.

आंबेमोहोर, या आठवड्यात एलसीए टाकला तर मार्चच्या शेवटी आय-१२९ पोचेल आणि एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत निकाल कळेल. मग दोन आठवड्यांची नोटीस. लग्नाच्या आधी सगळं बसतं.

सातारी
नोटीस दोन आठवड्यांची हा रिवाज आहे, कायदा नाही. करारात वेगळं लिहिलं असेल तर वाचा. आणि दिराच्या लग्नाच्या आगाऊ शुभेच्छा!

चिंचगूळ
कागदपत्रांवर कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. वकील यादी देतोच, पण आपल्याकडच्या लोकांची अडचण ठरावीक ठिकाणी होते.

पासपोर्ट, आतापर्यंतचे सगळे आय-७९७, सीबीपीच्या (विमानतळावर प्रवेश तपासणारं खातं) संकेतस्थळावरून काढलेला ताजा आय-९४, शेवटच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा, डब्ल्यू-२ (वर्षाचा पगार आणि कराचा दाखला), पदवी, सगळ्या सेमिस्टरच्या गुणपत्रिका, पदवीचं मूल्यमापन, अनुभवाची पत्रं, बायोडेटा. आय-९४ आय-७९७ वरून उतरवून देऊ नका. शेवटचा प्रवेश विमानतळावर झाला असेल तर तिथे नोंदवलेली तारीख चालते आणि ती वेगळी असू शकते.

आता नावाचं. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांच्या पदव्यांवर आडनाव आधी, मग स्वतःचं, वडिलांचं, आणि बऱ्याचदा शेवटी आईचं नाव असतं. पासपोर्टावर वडिलांचं नाव कधी असतं, कधी नसतं. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांच्या पदवीवर माहेरचं नाव. हे सगळं एकाच व्यक्तीचं आहे असं एक प्रतिज्ञापत्र आणि विवाह नोंदणीचा दाखला पहिल्याच वेळी जोडून टाका. आरएफई आल्यावर पुण्याहून कागद मागवण्यात दिवस जातात.

दहावीनंतर डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेतलेल्या इंजिनिअरांकडे पहिल्या वर्षाच्या गुणपत्रिका नसतात. अशांनी डिप्लोमाच्या गुणपत्रिका मूल्यमापनाला द्याव्यात, नाहीतर एक वर्ष गायब दिसतं. नुसती तीन वर्षांची बीकॉम किंवा बीएस्सी असेल तर चौथ्या वर्षाच्या जागी तीन वर्षांचा अनुभव धरतात. त्यासाठी अनुभवपत्रात हुद्दा आणि तारखा पुरत नाहीत, काय काम केलं तेही हवं. कंपनी बंद पडली असेल तर तिथल्या सहकाऱ्याचं शपथपत्र चालतं.

कोकणकडा
चिंचगूळताईंनी फार कामाचं लिहिलं. त्यात एक जोड: आधीची एच-१बी त्याच पदवीवर मंजूर झाली होती म्हणून नवी होईलच असं नाही. आधीचा निकाल मान्य करायची पद्धत १७ जानेवारी २०२५ च्या नियमात लिहून ठेवली आहे, पण ती पक्ष तेच आणि तथ्यं तीच असतील तर. कंपनी बदलली की पक्ष बदलतो. पदवीचा विषय आणि कामाचं स्वरूप यांचा थेट संबंध पत्रात उलगडून दाखवावा लागतो. मेकॅनिकलची पदवी आणि डेटाबेसचं काम असेल तर कुठले विषय कामाला कसे उपयोगी पडतात, हे लिहायचं.

नागपुरी_संत्रं
एलसीएबद्दल चार गोष्टी. अर्ज रखडतो तो बहुतेक इथेच, आणि उमेदवाराला पत्ताही नसतो.

कंपनी नवी किंवा लहान असेल तर कामगार खात्याच्या प्रणालीत तिच्या करक्रमांकाची पडताळणी झालेली नसते. पहिला एलसीए त्याच कारणाने परत येतो, कागद पाठवून पडताळणी करून घ्यावी लागते आणि सात दिवस पुन्हा सुरू. नव्या कंपनीला पहिल्याच दिवशी विचारा, यापूर्वी एलसीए भरला आहे का?

पत्ता. घरून काम असेल तर घराचा पत्ता एलसीएत हवा, घरून आणि ऑफिसातून असेल तर दोन्ही. महानगर क्षेत्राच्या बाहेर जागा बदलली तर सुधारित याचिका भरावी लागते. २०१५ पासून हा नियम पक्का झाला आहे. एडिसनचं ऑफिस दाखवून डॅलसला राहणं धोक्याचं. तपासणीला माणूस येतो.

पगाराची पातळी. चार पातळ्या असतात. ऑफर लेटरवर 'सिनिअर' आणि एलसीएत पहिली पातळी असं असलं की प्रश्न येतो. दरांचं वर्ष १ जुलैला बदलतं, त्यामुळे जूनअखेरीस भरणाऱ्यांनी दोन्हीकडचे आकडे पाहावेत.

आणि एलसीएची प्रत रुजू होण्याच्या दिवसापर्यंत कर्मचाऱ्याला देणं कंपनीवर बंधनकारक आहे. मागून घ्या. त्यावरचा पगार, पत्ता आणि हुद्दा ऑफर लेटरशी ताडून पाहा.

वांगीभात
खर्च कुणी करायचा? एका कन्सल्टन्सीने वकिलाची फी उमेदवाराने भरावी असं सांगितलं आहे.

मुळाकाठ
नाही. सव्वीस किंवा जास्त कर्मचारी असलेल्या कंपनीचा हिशोब असा: आय-१२९ चे ७८०, प्रशिक्षण निधीचे १५००, फसवणूक प्रतिबंधाचे ५००, आश्रय कार्यक्रमाचे ६००. एकूण ३३८० डॉलर, प्रीमियम धरून ६३४५. पंचवीसपर्यंत कर्मचारी असतील तर ४६०, ७५०, ५०० आणि ३००. पन्नासहून जास्त कर्मचारी आणि त्यातले निम्म्याहून जास्त एच-१बी किंवा एल-१ (कंपनीअंतर्गत बदलीचा व्हिसा) वर असलेल्या कंपनीला आणखी ४००० लागतात. ती रक्कम कंपनी बदलताना पण लागते, म्हणून काही कन्सल्टन्सी खर्च उमेदवारावर ढकलायला बघतात.

१५०० किंवा ७५० ची फी कर्मचाऱ्याकडून कुठल्याही रूपात घेता येत नाही. याचिकेची आणि वकिलाची फी हा मालकाचा धंद्याचा खर्च धरतात. तो पगारातून वळता करून पगार एलसीएच्या आकड्याखाली गेला तर तो कमी पगार ठरतो. प्रीमियम मात्र कर्मचाऱ्याला स्वतःच्या सोयीसाठी हवं असेल, म्हणजे लग्नाला जायचं म्हणून, तर तो स्वतः भरू शकतो.

आणखी एक: ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीपासून यूएससीआयएस कागदी अर्जांसोबत चेक घेत नाही. कार्डासाठी जी-१४५० किंवा बँकेतून वळती करण्यासाठी जी-१६५० हा फॉर्म लागतो. लहान कंपन्यांचे अर्ज यावरूनही परत आले आहेत.

टेक्साससावली
जुन्या कंपनीने करारात 'दोन वर्षांआधी सोडलं तर दहा हजार डॉलर' असं लिहून घेतलेलं असतं, त्याचं काय?

नागपुरी_संत्रं
ठरलेल्या तारखेआधी सोडल्याबद्दल दंड घ्यायला कामगार खात्याच्या नियमात मनाई आहे. राज्याच्या कायद्यानुसार खऱ्या नुकसानीची वाजवी भरपाई मागता येते, पण एच-१बी च्या फिया त्यात घुसवता येत नाहीत. काम नाही म्हणून बेंचवर बसवून पगार न देणं हेही बेकायदा आहे. दोन्हीची तक्रार डब्ल्यूएच-४ फॉर्मवर करता येते. पगार थांबवला असेल तर ती तक्रार आणि ईमेल जपून ठेवा. पगाराच्या स्लिपा का नाहीत, याचं उत्तर पुढच्या याचिकेत तेच कागद देतात. लोक घाबरून गप्प बसतात आणि मग स्थिती राखली नाही असा ठपका त्यांच्यावरच येतो, याची फार चीड येते.

मोहरीफूल
नोकरी आधीच गेली असेल तर?

सह्याद्रीवारा
साठ दिवस, किंवा आय-९४ संपेपर्यंत, जे आधी येईल ते. हा नियम १७ जानेवारी २०१७ पासून आहे. मोजणी नोकरी संपल्याच्या दुसऱ्या दिवसापासून, आणि नोकरी संपल्याचा दिवस साधारणपणे ज्या दिवसापर्यंतचा पगार मिळाला तो. एकरकमी मिळालेल्या भरपाईने दिवस वाढत नाहीत.

या मुदतीत नव्या कंपनीचा अर्ज पोचला की वर सांगितलेली सोय मिळते, म्हणजे पावतीवर रुजू होता येतं. नुसती ऑफर किंवा एलसीए पुरत नाही. एलसीएचे सात कामकाजी दिवस आणि वकिलाची तयारी धरली तर पंचेचाळिसाव्या दिवसापर्यंत ऑफर हातात हवी.

तोवर जमलं नाही तर साठ दिवस संपण्याआधी आय-५३९ भरून बी-२ (पर्यटक व्हिसा) कडे, किंवा जोडीदार एच-१बी वर असेल तर एच-४ कडे स्थितीबदल मागता येतो. त्याने मुक्काम सांभाळला जातो, काम करता येत नाही. साठ दिवस उलटून बी-२ प्रलंबित असताना नवी कंपनी मिळाली, तर पावतीवर रुजू होता येत नाही, मंजुरीच लागते. आणि बाहेर जाऊन नव्या याचिकेवर परत यायची वेळ आली तर पुन्हा तो एक लाखाचा मुद्दा.

मोहरीफूल
धन्यवाद. पंचेचाळीस दिवसांचा हिशोब लिहून ठेवला.

ओव्हरटाइम
विद्यापीठातल्या एच-१बी वरून खासगी कंपनीत जायचं असेल तर?

कोकणकडा
पूर्वी कधीही लॉटरीत निवड झालेली नसेल तर आधी लॉटरी. विद्यापीठं आणि त्यांच्याशी संलग्न संस्था वार्षिक मर्यादेबाहेर असतात, खासगी कंपनी आत येते. तिथे साधी बदली होत नाही. यावर वेगळा धागा काढा, इथे हरवून जाईल.

दुर्गप्रेमी
एका प्रकाराबद्दल सावध करतो. 'अ' मधून 'ब' मध्ये पावतीवर गेले, 'ब' चा निकाल लागायच्या आतच 'क' ची ऑफर आली आणि 'क' चा अर्जही भरला. कायद्याने हे चालतं. पण 'क' चा अर्ज पोचला त्या दिवशी 'अ' वाला आय-९४ संपलेला असेल, तर 'क' ची मुदतवाढ पूर्णपणे 'ब' वर टेकलेली असते. 'ब' ने चिडून याचिका निकालाआधी मागे घेतली, किंवा तिला नकार आला, तर 'क' ची मुदतवाढही पडते. म्हणून 'ब' ला प्रीमियम करायला लावून मंजुरी आल्यावरच 'क' कडे जायचं. हिमालयात पूल ओलांडताना पुढची फळी तपासल्याशिवाय मागची सोडत नाहीत, तसंच हे.

आंबेमोहोर
सगळ्यांचे मनापासून आभार. आय-१४० बद्दल कुणी सांगेल का? जुन्या कंपनीने तो रद्द केला तर इतक्या वर्षांची रांग जाईल, हीच मोठी धास्ती आहे.

बे_एरियाकर
जाणार नाही. आय-१४० मंजूर होऊन १८० दिवस उलटले की कंपनीने मागे घेतला तरी तो मुदतवाढीसाठी वापरता येतो. तुमचे आठ महिने झालेत, म्हणजे सुटलात. नवी कंपनी त्याच आय-१४० च्या आधारावर तीन वर्षांची एच-१बी मागू शकते, सहा वर्षं भरली असली तरी. त्यासाठी आय-१४० च्या आय-७९७ ची प्रत हवी. काही कंपन्या ती देत नाहीत. निदान पावती क्रमांक तरी आत्ताच मिळवा, म्हणजे नोकरीत असतानाच.

१८० दिवसांच्या आत मागे घेतला तर तो मुदतवाढीला चालत नाही, पण प्रायॉरिटी डेट, म्हणजे ग्रीनकार्डाच्या रांगेतली तारीख, तेव्हाही टिकते. फसवणूक किंवा मोठी चूक निघाली तरच जाते.

नव्या कंपनीला मात्र पर्म (ग्रीनकार्डाची कामगार खात्याकडची पहिली पायरी) आणि आय-१४० नव्याने करावं लागतं. त्याला दोनेक वर्षं सहज जातात. रुजू झाल्यावर किती दिवसांत पर्म सुरू करणार, हे ऑफर लेटरमध्ये लिहून मागा. तोंडी आश्वासनं एचआरचा माणूस बदलला की विरतात.

सातारी
यात भर: सहा वर्षांत भारतात काढलेले पूर्ण दिवस परत मिळतात. पासपोर्टाचे शिक्के आणि प्रवासाची यादी ठेवावी. आय-१४० नसलेल्यांना याचा जास्त उपयोग होतो.

चिंचगूळ
आता आंबेमोहोर यांच्या स्वतःच्या प्रश्नाकडे. सगळे नवऱ्याच्याच कागदांत अडकलेत.

एच-४ कंपनीला बांधलेला नसतो. नवऱ्याने कंपनी बदलली आणि त्याची स्थिती नीट राहिली, तर तुमचा एच-४ आणि ईएडी ३० जूनपर्यंत तसेच चालतात. पण नवऱ्याची मुदत वाढली म्हणून तुमची आपोआप वाढत नाही. हे बऱ्याच घरांत राहून जातं. एच-४ साठी आय-५३९ आणि ईएडीसाठी आय-७६५ वेगळे भरावे लागतात.

पूर्वी ईएडीचं नूतनीकरण वेळेत भरलं की काम आपोआप पुढे चालायचं. ३० ऑक्टोबर २०२५ पासून भरलेल्या अर्जांना ती सवलत नाही. म्हणजे १ जुलैला नवं कार्ड हातात नसेल तर काम थांबवावं लागेल. अर्ज मुदत संपण्याच्या १८० दिवस आधीपासून भरता येतो, तुमची मुदत सुरू झाली आहे. नवऱ्याच्या आय-१२९ सोबतच एकाच पाकिटात पाठवायला वकिलाला सांगा. दोघांचा निकाल एकत्र लागेलच याची मात्र खात्री नाही.

आंबेमोहोर
ईएडीचं हे माहीत नव्हतं. माझ्या ऑफिसला आत्ताच कळवून ठेवते. मग मे मध्ये प्रवास केला तर माझा आय-५३९ बाद होईल का?

सह्याद्रीवारा
तो प्रलंबित असताना बाहेर गेलात तर गुंता होऊ शकतो, आणि त्यावर टेकलेला आय-७६५ ही अडकू शकतो. तिकिटं काढण्याआधी वकिलाकडून लेखी उत्तर घ्या. पण तुमच्याकडे दुसरी वाट आहे. तुमच्या पासपोर्टातला एच-४ व्हिसाही ३० जूनपर्यंत असेल, तर नवऱ्याच्या नव्या आय-७९७ए ची प्रत दाखवून परत प्रवेश करताना तुम्हालाही नव्या तारखेपर्यंतचा आय-९४ मिळू शकतो. एच-४ ची मुदतवाढ तिथेच झाली. मग त्या आय-९४ वर ईएडीचा अर्ज करता येतो. तोटा इतकाच की तो अर्ज मे अखेरीस जाईल आणि कामात खंड पडेल.

मुळाकाठ
नवऱ्याच्या प्रवासाबद्दल: जुन्या कंपनीचं नाव छापलेला व्हिसा तारीख संपेपर्यंत चालतो. नवा व्हिसा काढायची गरज नाही. सोबत नव्या कंपनीचा मूळ आय-७९७ए, ऑफर किंवा नोकरीचं पत्र, एक-दोन स्लिपा. म्हणजे लग्नाला जाता येतं, फक्त मंजुरी आल्यावर निघा. अर्ज प्रलंबित असताना जाऊ नका.

परतीचं तिकीट जूनच्या पहिल्या आठवड्याच्या पुढे नको. ३० जून चुकली तर मुंबईच्या वकिलातीत मुलाखत आली. सप्टेंबर २०२५ पासून एच-१बी ला मुलाखतीची सूट नाही. १५ डिसेंबरपासून एच-१बी आणि एच-४ दोन्हींची समाजमाध्यमांची तपासणी सुरू झाल्यावर भारतातल्या कितीतरी लोकांच्या तारखा महिनोन् महिने पुढे गेल्या. 'सिंगापूरला जाऊन काढू' हाही मार्ग राहिला नाही, कारण नागरिकत्वाच्या किंवा राहत्या देशातच अर्ज करायला सांगतात.

टेक्साससावली
व्हिसा संपलेला असताना कॅनडात जाऊन येता येतं ना?

मुळाकाठ
तीस दिवसांपर्यंत, फक्त कॅनडा किंवा मेक्सिको, आय-९४ चालू असेल आणि तिथे नव्या व्हिसाचा अर्ज केला नसेल तर. पुण्याच्या लग्नाला त्याचा उपयोग नाही.

नागपुरी_संत्रं
रुजू झाल्यावरची किरकोळ पण विसरायची नाहीत अशी कामं. पावतीवर रुजू होत असाल तर आय-९ (काम करायच्या परवानगीची कंपनीकडची नोंद) वर एचआरने 'एसी-२१' आणि आय-१२९ दाखल केल्याची तारीख लिहायला हवी. लहान कंपन्यांच्या एचआरला हे माहीत नसतं आणि ते ईएडी मागत बसतात. घर बदललं तर दहा दिवसांत एआर-११ हा पत्ताबदलाचा फॉर्म. वाहन परवाना आय-९४ च्या तारखेशी जोडलेला असतो, तोही ३० जूनला संपत असेल, नवा आय-९४ घेऊन जा. आरोग्य विमा जुन्या कंपनीत शेवटच्या दिवशी संपतो की महिनाअखेर, ते विचारा. मधल्या दिवसांसाठी कोब्रा (जुना विमा स्वखर्चाने चालू ठेवणं) निवडायला साठ दिवस मिळतात आणि तो मागच्या तारखेपासून लागू होतो.

आंबेमोहोर
आज वकिलाशी बोलणं झालं. एलसीए उद्या जातो आहे, कंपनीने आधीही भरलेले आहेत. प्रीमियम आम्ही भरणार. राजीनामा मंजुरीनंतर, एप्रिलच्या शेवटी. माझे आय-५३९ आणि आय-७६५ त्याच पाकिटात. माझ्या प्रवासाबद्दल वकील लेखी कळवणार आहेत. परतीचं तिकीट २९ मे. अजून काही राहिलंय का?

कोकणकडा
दोन गोष्टी. आरएफई आली तर लग्नाआधी निकाल लागणार नाही, तेव्हा नवऱ्याचं तिकीट बदलता येईल असंच काढा. राजीनामाही तेवढा पुढे न्या, नव्या कंपनीला आत्ताच सांगून ठेवा.

आणि पासपोर्ट किती दिवसांचा आहे? तो नव्या आय-७९७ए च्या आधी संपत असेल तर विमानतळावरचा अधिकारी आय-९४ पासपोर्टाच्या तारखेपर्यंतच देतो. मग तीन वर्षांची मंजुरी घरात आणि आय-९४ दीड वर्षाचा, असं होतं.

आंबेमोहोर
त्यांचा २०२७ च्या ऑगस्टमध्ये संपतो आहे. माझा २०३१.

कोकणकडा
मग प्रवासाला निघण्याआधी त्यांच्या पासपोर्टाचं नूतनीकरण इथल्याच भारतीय वकिलातीमार्फत होईल का ते विचारा, होत असेल तर करून घ्या. जुना पासपोर्ट व्हिसासकट परत मिळतो, दोन्ही सोबत ठेवायचे. वेळेत मिळणार नसेल तर आहे त्यावरच जा, आणि पुढचा प्रवास नव्या पासपोर्टावर करून आय-९४ पूर्ण करून घ्या, नाहीतर ऑगस्ट २०२७ आधी मुदतवाढ भरा. न्यूअर्कला उतरल्यावर अधिकाऱ्याच्या हातात व्हिसाच्या आधी नवा आय-७९७ए ठेवा. घरी पोचल्यावर त्याच रात्री दोघांचे आय-९४ संकेतस्थळावरून काढा. व्हिसाची ३० जून तारीख चुकून पडली असेल तर सीबीपीच्या डिफर्ड इन्स्पेक्शन कार्यालयात दुरुस्त करून मिळते, तिथे आय-७९७ए ची प्रत घेऊन जायचं.